विश्लेषण : डोंगर, खडीची वाट आणि बदलते गिअर… फ्रान्सला सायकलभ्रमंती शिकवणारे ‘वेलोसिओ’ कोण होते?

फ्रान्सच्या आग्नेय भागातील आर्देश जिल्ह्यात एरिय नदीच्या काठाकाठाने एक वाट डोंगरात चढत जाते. वाटेवर डांबर नाही, बारीक दाबलेली खडी आहे. मोटार नाही, ट्रक नाही, दुचाकीही नाही. जुने दगडी पूल, लहान बोगदे, चेस्टनटच्या झाडांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागा आणि मधूनच एखादे बंद पडलेले रेल्वे स्थानक. ‘दोल्चे विया’ या नावाची ही वाट सुमारे ९० किलोमीटरची आहे. दर वर्षी उन्हाळ्यात लहान मुलांपासून आजोबा-आजींपर्यंत अनेक जण तिच्यावरून सायकलने जातात. डोंगर असूनही कोणाची फारशी दमछाक होत नाही, कारण चढ मंद आहे आणि सायकलला गिअर आहेत.

सायकलला गिअर असावेत, टायर रुंद असावे, डोंगर ही सायकलस्वाराची अडचण नसून त्याचे सुख आहे, या गोष्टी आज उघड वाटतात. सव्वाशे वर्षांपूर्वी त्या मान्य व्हाव्यात म्हणून एका माणसाने निम्मे आयुष्य खर्च केले. त्यांचे नाव पॉल द विवी. फ्रान्स मात्र त्यांना ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने ओळखतो.

वेलोसिओ कोण होते?

पॉल द विवी यांचा जन्म २९ एप्रिल १८५३ रोजी दक्षिण फ्रान्समधील पेर्न-ले-फाँतेन या गावी झाला. प्रोव्हान्स प्रांतातील हे गाव कारंज्यांसाठी प्रसिद्ध आहे. आसपासच्या मैदानावर माँ वाँतू या उंच डोंगराची सावली असते. तरुणपणी त्यांना यंत्रांचे वेड नव्हते, वेड होते भाषांचे. लॅटिन आणि ग्रीक त्यांच्या आवडीच्या. ही आवड शेवटपर्यंत टिकली. सकाळी लवकर उठून जुने ग्रंथ मूळ भाषेत वाचायचे, मग कामाला लागायचे, असा त्यांचा शिरस्ता होता.

पोटापाण्यासाठी मात्र त्यांनी रेशमाचा धंदा निवडला. उमेदवारी केली, व्यवहार शिकले आणि वयाची तिशी गाठण्याआधीच स्वतःची पेढी उभी केली. या व्यापारामुळे त्यांचा संबंध सांत-एतियेन या शहराशी आला. हे शहर कोळशाच्या खाणी, बंदुकांचे कारखाने आणि रेशमी फितींसाठी नावाजलेले होते. बंदुकीची नळी अचूक घडवणाऱ्या हातांना सायकलचे भाग घडवणे अवघड नव्हते. त्यामुळे पुढे हेच शहर फ्रान्सच्या सायकल उद्योगाचे केंद्र बनले.

रेशमाच्या व्यापाऱ्याला सायकल कशी भेटली?

१८८१ मध्ये, वयाच्या २८व्या वर्षी, द विवी यांनी पहिली सायकल घेतली. ती आजच्यासारखी नव्हती. पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच, मागचे चाक अगदी लहान आणि पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले. पडले तर तोंडावर पडायचे, हे ठरलेले.

एका मित्राने त्यांना पैजेला उभे केले. सांत-एतियेनच्या पश्चिमेला डोंगरमाथ्यावर ला शेझ-दिय हे जुन्या मठाचे गाव आहे. तिकडे जाणारी सुमारे १०० किलोमीटरची वाट सहा तासांत पार करायची, अशी ती पैज होती. या प्रवासाने द विवी यांचे आयुष्य बदलले. वेगापेक्षाही त्यांच्या मनात भरले ते डोंगर. पाइनची जंगले, दरीतील गावे, उंचावरची थंड हवा हे सारे स्वतःच्या पायांच्या बळावर पाहता येते, याचा त्यांना शोध लागला.

त्यानंतर त्यांनी तीनचाकी आणि दुचाकी अशा नवनव्या सायकली घेऊन पाहिल्या. इंग्लंडमधील कोव्हेंट्री हे शहर तेव्हा सायकलच्या जगाची राजधानी होते. तिथे जाऊन त्यांनी कारखाने पाहिले. शेवटी १८८७ मध्ये त्यांनी तो निर्णय घेतला, जो त्यांच्या धंद्यातील अनेकांना वेडेपणा वाटला असेल. बस्तान बसलेली रेशमाची पेढी त्यांनी विकली आणि सांत-एतियेनमध्ये सायकलचे दुकान थाटले. कोव्हेंट्रीहून सायकली मागवायच्या आणि विकायच्या, हा धंदा. त्याच वर्षी त्यांनी एक मासिकही सुरू केले. आरंभी ते त्या परिसराच्या, म्हणजे फोरे प्रांताच्या नावाने निघाले. नंतर त्याचे नाव फक्त ‘ल सिक्लिस्त’ म्हणजे ‘सायकलस्वार’ असे झाले.

१८८९ मध्ये त्यांनी स्वतःची सायकलही बाजारात आणली. तिचे नाव ‘ला गोलवाझ’. दोन्ही चाके सारखी, चौकोनी सांगाडा, मागच्या चाकाला साखळीने गती. गिअर मात्र एकच.

त्या काळी रस्ते कसे होते?

आज ‘ग्रॅव्हल सायकलिंग’ हा वेगळा प्रकार मानला जातो. त्यासाठी वेगळ्या सायकली, वेगळे टायर आणि वेगळे मार्ग असतात. वेलोसिओंच्या काळात मात्र शहरातील फरसबंदी सोडली, तर सगळेच रस्ते खडीचे होते. फोडलेल्या दगडाचे थर घालून ते रुळाने दाबलेले असत. पावसात चिखल आणि उन्हाळ्यात धूळ. डोंगरात त्यावर पाण्याने पाडलेल्या चऱ्या आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या.

रस्त्यावर डांबर ओतण्याचे पहिले गाजलेले प्रयोग १९०२ मध्ये मोनॅकोत झाले. कारण होते मोटारींनी उडवलेली धूळ. म्हणजे रस्ते गुळगुळीत झाले ते मुख्यतः मोटारीमुळे आणि मोटारीसाठी. सायकलस्वाराला मात्र जुने रस्ते खडबडीत असले तरी जवळजवळ पूर्ण मोकळे मिळत. घोडागाडी, मेंढ्यांचा कळप, एखादा वाटसरू, एवढीच रहदारी. आजचा सायकलस्वार ज्या शांततेसाठी आडवाटा शोधत हिंडतो, ती शांतता तेव्हा मुख्य रस्त्यावर फुकट मिळत होती.

गिअरची गरज कुठे जाणवली?

सांत-एतियेनमधून दक्षिणेला निघाले की पिला या डोंगररांगेचा चढ लगेच सुरू होतो. शहराच्या टोकापासून सुमारे बारा किलोमीटरवर १,१६१ मीटर उंचीची खिंड आहे. तिचे नाव कोल द ला रेपुब्लिक, अर्थात ‘प्रजासत्ताकाची खिंड’. घनदाट जंगलामुळे तिला ‘ग्राँ ब्वा’ म्हणजे ‘मोठे रान’ असेही म्हणतात. हा चढ वेलोसिओंची प्रयोगशाळा ठरला.

त्याबद्दल एक प्रसंग सांगितला जातो. वेलोसिओ खिंड चढत असताना त्यांच्याच मासिकाचा एक वाचक तोंडात पाइप धरून, आरामात, त्यांना मागे टाकून गेला. त्यांच्यापुढे दोन पर्याय होते. दात-ओठ खाऊन त्याचा पाठलाग करायचा किंवा आपल्याला पायडल इतके जड का जाते याचा विचार करायचा. त्यांनी दुसरा पर्याय निवडला.

यामागचे गणित साधे आहे. पुढच्या दातेरी चकतीला ४४ दाते आणि मागच्या चकतीला २२ असतील, तर पायडलच्या एका फेरीत मागचे चाक दोन वेळा फिरते. चाकाचा परीघ २.१ मीटर धरला, तर सायकल ४.२ मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे छान. पण शंभर मीटरला पाच मीटर उंची वाढणाऱ्या चढावर त्याच एका फेरीत स्वार आणि सायकल मिळून सगळे वजन २१ सेंटिमीटर उचलावे लागते. पुढे-मागे सारखेच दाते असतील, तर एका फेरीत सायकल २.१ मीटरच जाते आणि वजन साडेदहा सेंटिमीटर उचलले जाते. शिखर तेवढेच उंच राहते, एकूण श्रमही तेवढेच. पण प्रत्येक फेरीचा भार निम्मा होतो. वेळ थोडा जास्त लागतो, गुडघे वाचतात आणि माणूस खाली न उतरता वर पोहोचतो.

एकच गिअर असलेल्या सायकलवर ही निवड नसते. सपाटीसाठी योग्य गिअर लावला तर डोंगरात सायकल ढकलावी लागते. डोंगरासाठी लावला तर सपाटीवर पाय नुसतेच गरगर फिरतात. डोंगराळ प्रदेशात राहणाऱ्या माणसाला म्हणूनच एकापेक्षा अधिक गिअर हवेत, हे वेलोसिओंनी हेरले.

साखळी एका चकतीवरून दुसरीवर कशी गेली?

पहिला उपाय अगदी ओबडधोबड होता. पुढे एकाऐवजी लहान-मोठ्या दोन चकत्या बसवल्या. चढ आला की खाली उतरायचे, हाताने साखळी उचलून लहान चकतीवर टाकायची आणि पुन्हा स्वार व्हायचे. हात काळे होत, पण काम होई. पुढे सायकलच्या डाव्या बाजूलाही चकत्या बसवून त्यांनी चार गिअर मिळवले.

१९०१च्या सुमारास ‘व्हिपेट’ या इंग्लिश सायकलची चार गतींची योजना त्यांच्या पाहण्यात आली. ती चालत्या सायकलवर बदलता येत असे. न उतरता गिअर बदलणे शक्य आहे, हे त्यामुळे पक्के झाले. त्यांच्याभोवती सांत-एतियेनमध्ये कारागीर आणि हौशी सायकलस्वारांचा एक गटच तयार झाला होता. कोणी नवा भाग घडवायचा, तो रविवारी खिंडीवर नेऊन तपासायचा आणि सोमवारी त्यातले दोष सांगायचे. वेलोसिओ हे सारे मासिकात छापत. या गटातील ज्वानी पानेल यांनी बनवलेला ‘ल शमिनो’ हा गिअर बदलणारा भाग पुढे पर्यटकांमध्ये लोकप्रिय झाला. नावाचा अर्थ ‘भटक्या’.

साखळी एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या या भागाला फ्रेंचमध्ये ‘देरायर’ म्हणतात. आपल्याकडे सायकलच्या दुकानात तोच शब्द ‘डिरेलर’ असा ऐकू येतो. त्याचा शब्दशः अर्थ रुळावरून उतरवणारा.

गिअरला विरोध कोणी केला?

विरोध झाला तो सायकल शर्यतींच्या जगातून आणि त्याचे सेनापती होते आंरी देग्रांज. पॅरिसमधील क्रीडा दैनिकाचे हे संपादक १९०३ मध्ये सुरू झालेल्या ‘तूर द फ्रान्स’चे सर्वेसर्वा होते. सायकल म्हणजे स्नायूंची परीक्षा, अशी त्यांची धारणा होती. गिअर ही पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय आहे, तरुणाने एकाच गिअरवर जिंकावे, असे मत त्यांनी जाहीरपणे मांडले.

निमित्त होते १९०२ मध्ये फ्रान्सच्या टुरिंग क्लबने घेतलेल्या डोंगरी चाचणीचे. त्यात एदुआर फिशर हे नावाजलेले शर्यतपटू एका गिअरच्या सायकलवर होते. दुसरीकडे मार्थ एस ही महिला तीन गिअरच्या ‘गोलवाझ’वर उतरली. एस यांनी चढावर एकदाही पाय न टेकवता फिशर यांना मागे टाकले, अशी नोंद सायकलच्या इतिहासात केली जाते. देग्रांज यांचे मत मात्र त्यामुळे बदलले नाही, उलट अधिक घट्ट झाले. ‘तूर’मध्ये डिरेलर अधिकृतपणे वापरायला परवानगी मिळाली ती थेट १९३७ मध्ये. तोवर फ्रान्सचे सर्वोत्तम शर्यतपटू पिरेनीज आणि आल्प्सच्या पायथ्याशी सायकल थांबवून, मागचे चाक काढून, उलटे बसवून गिअर बदलत होते. त्याच चढांवरून मध्यमवयीन शिक्षक आणि कारकून गिअरच्या सायकलवर न उतरता जात होते.

गंमत अशी की, पहिल्याच ‘तूर’ने वेलोसिओंच्या लाडक्या खिंडीवरून वाट काढली. लिआँ ते मार्सेय या टप्प्यात स्पर्धकांनी १९०३ मध्ये कोल द ला रेपुब्लिक पार केली. हजार मीटरपेक्षा उंच अशी ‘तूर’मधली ती पहिली खिंड. पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, याच चढावर रात्रीच्या अंधारात एका स्थानिक स्पर्धकाच्या चाहत्यांनी इतरांवर हल्ला चढवला. एकच रस्ता, पण त्यावरची दोन जगे अशी वेगळी होती.

रुंद टायरचा आग्रह कशासाठी?

वेलोसिओंचा दुसरा आग्रह टायरबाबत होता. अरुंद आणि टणक टायर वेगवान, ही तेव्हाची समजूत. खडीच्या रस्त्यावर ती खोटी ठरते, हे त्यांनी अनुभवाने ओळखले. टणक टायर प्रत्येक दगडावर उसळतो. उसळताना पुढे जाण्याची शक्ती वर उडण्यात वाया जाते आणि स्वाराच्या हाडांना दणके बसतात. रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली, तर तो दगडाला स्वतःत सामावून घेतो आणि चाक जमिनीला धरून राहते.

चार-पाच सेंटिमीटर रुंदीचे टायर त्यांनी स्वतः वापरले आणि त्यांची शिफारस केली. जाड टायरमुळे चाक फार मोठे होऊ नये म्हणून कड्याचा व्यास कमी ठेवायचा, ही त्यातली युक्ती. अवघ्या अर्ध्या मीटर व्यासाच्या चाकांवरही त्यांनी लांबचे प्रवास करून पाहिले. फ्रेंच पर्यटक सायकलींवर पुढे ‘६५० बी’ हे माप रुळले, त्यामागे हाच विचार होता. शर्यतीच्या सायकलींची फॅशन आली तसे हे माप मागे पडले. अलीकडच्या वर्षांत खडीच्या वाटांसाठी सायकली बनू लागल्या, तेव्हा कारखानदार पुन्हा त्याच मापाकडे आणि त्याच रुंदीकडे वळले.

भ्रमंतीचे नियम कोणते?

‘ल सिक्लिस्त’मधून वेलोसिओ यंत्रांइतकेच शरीराबद्दलही लिहीत. दीर्घ प्रवास माणूस कसा सोसतो, याचे प्रयोग ते स्वतःवर करत. कधी कधी चाळीस तासांपर्यंत जवळजवळ अखंड सायकल चालवत. त्यातून त्यांनी पर्यटक सायकलस्वारासाठी सात सूत्रे काढली. फ्रान्सच्या सायकल मंडळांत ती आजही सांगितली जातात.

त्यांचा गाभा असा : थांबे थोडे आणि छोटे घ्यावेत, म्हणजे लय मोडत नाही. भूक लागण्याआधी खावे आणि तहान लागण्याआधी प्यावे. थंडी वाजण्याआधी अंगावर घालावे आणि उकडण्याआधी काढावे. जेवण जाणार नाही आणि झोप लागणार नाही इतके दमू नये. प्रवासात तरी दारू, मांस आणि तंबाखू टाळावी. सुरुवातीच्या तासांत अंगात जोर असतो, तेव्हाच तो राखून ठेवावा. आणि शेवटचे, बहुधा सर्वांत अवघड सूत्र : दुसऱ्याला दाखवण्यासाठी पायडल मारू नये.

यातील पहिली सूत्रे आजचे क्रीडावैद्यकही मान्य करील. तहान जाणवते तेव्हा शरीरातील पाणी आधीच घटलेले असते, हे आता सर्वांना ठाऊक आहे. वेलोसिओ स्वतः शाकाहारी झाले होते. फळे, भात, भाज्या, दूध असा त्यांचा आहार. मांसाहार हा ताकदीचा पाया मानणाऱ्या तेव्हाच्या फ्रान्समध्ये हे गिअरइतकेच विचित्र मानले जाई. जगातील माणसांनी एकमेकांशी सोप्या सामायिक भाषेत बोलावे म्हणून तयार झालेल्या एस्परांतो भाषेचेही ते पुरस्कर्ते होते. सायकल आणि एस्परांतो या दोन्हींकडे ते सीमा ओलांडण्याची साधने म्हणून पाहत.

ईस्टरची वारी म्हणजे काय?

दर वर्षी ईस्टरच्या सुटीत वेलोसिओ सांत-एतियेनहून जन्मभूमी प्रोव्हान्सकडे निघत. डोंगरात तेव्हा थंडी असे, कधी खिंडीत बर्फही. रात्रभर सायकल चालवून ऱ्होन नदीच्या खोऱ्यात उतरले की पहाटे हवा बदलायची. बदामाची झाडे, सरूच्या रांगा, कोरडे ऊन. हिवाळ्यातून एका रात्रीत वसंतात जाण्याचा हा अनुभव त्यांनी वर्षानुवर्षे घेतला आणि लिहिला. हळूहळू वाचकही निघू लागले. कोणी पॅरिसहून, कोणी लिआँहून, कोणी मार्सेयहून. ठरलेल्या दिवशी सगळे प्रोव्हान्समध्ये भेटत, एकत्र जेवत, एकमेकांच्या सायकली निरखत आणि पांगत. यात पहिला-दुसरा कोणी नसे, बक्षीस नसे.

हा मेळा त्यांच्या पश्चातही चालू राहिला. १९४७ मध्ये पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबने त्याला जोडून ‘फ्लेश वेलोसिओ’ हा उपक्रम सुरू केला. तीन ते पाच सायकलींच्या चमूने २४ तासांत किमान ३६० किलोमीटर अंतर कापत ईस्टरच्या मेळ्याकडे यायचे, असा त्याचा नियम. चमूने सोबत राहायचे असते, त्यामुळे सर्वांत संथ सोबत्याला सांभाळून घेणे हेच त्यातले कौशल्य.

सांत-एतियेनच्या लोकांनी तर वेलोसिओ हयात असतानाच त्यांचा उत्सव सुरू केला. १९२२ पासून त्यांच्या नावाने ‘वेलोसिओ दिन’ साजरा होऊ लागला. शेकडो सायकलस्वार शहरातून निघून कोल द ला रेपुब्लिकवर चढत. वेगाने चढणारे असत, तसेच मुले, स्त्रिया आणि पिकल्या दाढीचे वृद्धही असत. वेलोसिओ स्वतः उतारवयातही हा चढ चढत राहिले.

शेवट कसा झाला?

१८८१ मध्ये द विवी यांनी पहिली सायकल घेतली, त्याच वर्षी सांत-एतियेनमध्ये ट्राम सुरू झाली होती. पन्नास वर्षांत शहर बदलले होते. ट्रामच्या जोडीला मोटारी आल्या होत्या. ज्या रस्त्यांवर सायकलस्वाराला मेंढ्यांसाठी थांबावे लागे, तिथे आता त्याला जीव मुठीत धरून रस्ता ओलांडावा लागत होता.

१९३० मध्ये, हिवाळा सरत असताना, ७६ वर्षांचे वेलोसिओ एका सकाळी नेहमीचे वाचन आटोपून घराबाहेर पडले. सायकल हातात धरून ते रस्ता ओलांडत होते. समोरून आलेली मोटार चुकवण्यासाठी ते मागे सरले आणि त्याच क्षणी आलेल्या ट्रामखाली सापडले. रात्रीच्या अंधारात, बर्फातून, दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात हजारो किलोमीटर उतार उतरलेला हा माणूस अखेर आपल्याच शहरात, दिवसाउजेडी, पायी चालताना गेला.

कोल द ला रेपुब्लिकच्या माथ्यावर आज त्यांचे स्मारक आहे. तिथून जाणारा सायकलस्वार क्षणभर थांबतो, पाणी पितो. तहान लागली नसेल तरी.

मोकळ्या वाटा पुन्हा कुठून आल्या?

वेलोसिओ गेल्यानंतरच्या काही दशकांत मोटारींनी फ्रान्सचे ग्रामीण रस्तेही व्यापले. मोटारींनीच आणखी एक गोष्ट संपवली, ती म्हणजे डोंगरातील छोटी रेल्वे. आर्देशच्या दऱ्यांतून जाणारी विवारे ही मीटरगेज रेल्वे वेलोसिओंच्या काळात वाफेच्या इंजिनांवर धावत होती. प्रवासी बसकडे आणि माल ट्रककडे वळला. १९६८ मध्ये ही रेल्वे बंद पडली. काही तुकडे पर्यटक गाड्यांसाठी राखले गेले. बाकीचे रूळ उखडले आणि झाडोरा माजला.

पण रेल्वेने एक अमोल वस्तू मागे ठेवली होती. ती म्हणजे चढाचा मंदपणा. वाफेचे इंजिन तीव्र चढ चढू शकत नाही. म्हणून अभियंत्यांनी डोंगराच्या कुशीतून वळसे घेत, पूल आणि बोगदे बांधत वाट आखलेली असते. इंजिनाला जो चढ सोसतो, तो सायकलस्वारालाही सोसतो. रूळ काढून त्या जागी खडी दाबली, की डोंगरातली सर्वांत सोपी सायकलवाट तयार होते. ‘दोल्चे विया’ अशीच घडली. ऱ्होनकाठच्या ला वूल्त गावापासून ल शेलारमार्गे ती वर सांत-आग्रेव्हच्या पठाराकडे जाते.

फ्रान्समध्ये अशा वाटांना ‘व्वा वेर्त’ म्हणजे ‘हिरवी वाट’ म्हणतात. २००४ मध्ये वाहतूक नियमावलीत त्यांना स्वतंत्र स्थान मिळाले. पादचारी, सायकलस्वार आणि घोडेस्वार यांना मुभा, मोटारवाहनांना बंदी, असा त्यांचा अर्थ. गावच्या हौशी मंडळींनी सुरू केलेली ही कल्पना त्यामुळे कायद्याच्या कक्षेत आली. अशा वाटेवर मोटार शिरली तर तो केवळ उद्धटपणा राहत नाही, गुन्हा ठरतो.

वेलोसिओंच्या खिंडीच्या पलीकडच्या पायथ्याशी, बूर्ग-आर्जांताल गावातून, ‘विया फ्लुविया’ ही अशीच वाट जाते. लुआर आणि ऱ्होन या दोन नद्यांची खोरी जोडण्यासाठी ती जुन्या रेल्वेमार्गावर उभी राहिली. त्यांच्या जन्मगावातही, पेर्न-ले-फाँतेनमध्ये, जुन्या लोहमार्गाच्या जागी ‘विया वेनेसिया’ आली आहे. ज्या प्रदेशात ते जन्मले आणि ज्या प्रदेशात ते वावरले, त्या दोन्हींना आता रहदारीमुक्त वाटा आहेत.

या वाटांनी गावांनाही हातभार लावला आहे. बंद स्थानकाची उपाहारगृहे झाली, सायकली भाड्याने देणारी दुकाने निघाली. तरुण शहरांकडे गेल्याने ओस पडलेल्या दऱ्यांत उन्हाळ्यापुरती का होईना वर्दळ आली. सायकलस्वार मोटारीसारखा गावातून भुर्रकन निघून जात नाही. त्याला भूक लागते, तो थांबतो, ब्रेड-चीज घेतो, मुक्काम करतो.

महाराष्ट्राशी धागा कोणता?

पुणे, मुंबई, नाशिक अशा शहरांतून दर वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ‘ब्रेव्हे’ सायकलफेऱ्या होतात. पहाटे घाट चढणारे, मागे लाल दिवा लुकलुकणारे हे सायकलस्वार अनेकांनी पाहिले असतील. भारतात या फेऱ्या ‘ऑडॅक्स इंडिया’मार्फत होतात आणि त्यांना मान्यता देते ते पॅरिसचा ऑडॅक्स क्लब, ज्याने वेलोसिओंच्या नावाची २४ तासांची फेरी सुरू केली. या फेऱ्यांतही क्रमांक लावला जात नाही. ठरलेल्या वेळेत पोहोचला तो यशस्वी. स्पर्धेशिवाय दूरवर जाण्याचा हा विचार फ्रान्समध्ये रुजवणाऱ्यांत वेलोसिओ अग्रभागी होते.

फरक एवढाच, की इथला सायकलस्वार घाटात ट्रक आणि बसच्या कडेकडेने चढतो.

वेलोसिओ आज का आठवावेत?

वेलोसिओंनी डिरेलर एकट्याने शोधला असे म्हणता येत नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये आणि फ्रान्समध्ये अनेकांची डोकी त्यावर चालत होती. त्यांचे मोठेपण वेगळे आहे. सायकल कोणासाठी आहे, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी बदलले. शर्यतवाल्यांच्या लेखी ती मूठभर बलवानांसाठी होती. वेलोसिओंच्या लेखी ती पन्नाशीच्या शिक्षकासाठी, गृहिणीसाठी, गुडघे दुखणाऱ्या दुकानदारासाठी होती. गिअर, रुंद टायर, हलका आहार आणि सात सूत्रे या सगळ्यांचा हेतू एकच होता : डोंगर सर्वांना खुला करणे.

मोटारबंदीच्या वाटा या विचाराची पुढची पायरी आहेत. गिअरने चढाची भीती घालवली, रुंद टायरने दगडाची. उरली होती ती मोटारीची भीती, जिने खुद्द वेलोसिओंचा घास घेतला. रूळ उखडलेल्या त्या वाटांवर आज आठ वर्षांचे मूल आई-वडिलांच्या पुढे एकटे सायकल चालवत जाते आणि मागून कोणी त्याला ओरडून बाजूला हो म्हणत नाही.